गावठी मांजर, चौथा मजला आणि दूध-पोळी

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजरीने पिल्लं घातली, बाकीची पांगली आणि एक त्यांच्या मुलाने उचलून चौथ्या मजल्यावर आणलं. करडं, पट्टेरी, पांढऱ्या पंजांचं, साधारण तीन महिन्यांचं. घर शाकाहारी, त्यामुळे दूध-पोळी आणि दहीभात चालू आहे. ही कोणती ब्रीड, बोका की भाटी, लसी खरंच लागतात का, आणि धाकट्या जाऊबाईंना दिवस गेलेत तर मांजर घरात चालेल का, असं त्या विचारतात. सासूबाईंचं म्हणणं, गावठी मांजर चिवट असतं, आमच्या गावच्या घरी मांजरं दूध-भातावरच म्हातारी झाली, उगाच दवाखान्याच्या खेपा घालू नका.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. गावच्या घरातलं मांजर दूध-भातावर जगतं असं वाटतं, कारण आपण वाढलेलं तेवढंच आपल्याला दिसतं. खरं जेवण ते माळ्यावर, गोठ्यात, कणगीमागे उरकून येतं. उंदीर, पाल, नाकतोडा, एखादी चिमणी. अख्खा उंदीर म्हणजे मांस, काळीज, हाडं आणि पाणी, सगळं एकाच ताटात. वरचा दूध-भात ही चैन. तुमच्या फ्लॅटमध्ये कणगी नाही आणि उंदीर येऊ नयेत म्हणून सोसायटी पैसे मोजते. चिवटपणाचं म्हणाल तर गावच्या घरी एका वेताची चार-पाच पिल्लं असायची, त्यातली किती वर्षभर टिकली ते कोणी मोजलं नाही. टिकली ती चिवट, एवढंच. माझ्या दवाखान्यात गावठी मांजरांबाबत जे बिघडलेलं येतं, त्यातलं बरंचसं या एकाच समजुतीतून येतं: बाहेर जे ते स्वतःचं स्वतः मिळवायचं, ते आता घरातल्यांनी द्यायचं असतं हे लक्षात आलेलं नसतं.

आता ब्रीड. कुठलीच नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. आखूड केसांचं साधं घरगुती मांजर ही माणसाने ठरवून जुळवलेली जात नव्हे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, उंदीर आले आणि उंदरांमागे तिथलं रानमांजर आलं, त्याचा हा वंश. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडलाय, तो सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा आहे. ब्रिटिश शॉर्टहेअर, अमेरिकन शॉर्टहेअर या मात्र नोंदणी असलेल्या जाती. करड्या गावठी पिल्लाला 'ब्रिटिश' म्हणून हजारो रुपयांना विकणारे लोक आहेत, सावध राहा. आणि 'बॉम्बे' नावाची काळीभोर जात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात तयार झाली, परळ-दादरशी तिचा काही संबंध नाही.

गावठी मांजराचा फायदा असा की बीज मिसळलेलं असल्यामुळे चपट्या नाकाच्या पर्शियनला होतो तसा श्वासाचा आणि डोळे गळण्याचा जन्मभराचा त्रास त्याला नसतो. आपल्याकडची पूर्ण वाढलेली मांजरी साधारण अडीच ते साडेतीन किलो भरते, बोका साडेतीन ते पाच. घरात नीट ठेवलं तर बारा-पंधरा वर्षं सहज, कधी अठराही. केस आखूड, त्यामुळे आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की झालं. आंघोळ घालू नका. निरोगी मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं, आणि अंग चाटायचं सोडलेलं, केस तेलकट आणि विस्कटलेलं मांजर आजारी आहे असं धरूनच मी तपासायला घेतो.

बोका की भाटी हे शेपटी उचलून बघा. गुदद्वाराच्या लगेच खाली छोटी उभी फट दिसली तर भाटी. थोडं अंतर सोडून गोल ठिपका आणि मध्ये दोन मऊ उंचवटे असतील तर बोका. करड्या पट्टेऱ्यात रंगावरून काही कळत नाही. पिवळ्या-नारिंगी मांजरात बोके जास्त असतात आणि तिरंगी जवळजवळ नेहमी मादीच, कारण नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो.

खाण्यावर जरा थांबतो. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे, आणि हे आवडीनिवडीचं प्रकरण नाही. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-माशांतूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा झिजतो, हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं. हा हृदयरोग टॉरिनच्या अभावाने होतो हे १९८७ साली सिद्ध झालं आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यात त्याचं प्रमाण वाढवलं. गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व आपण बनवतो, मांजर बनवू शकत नाही. गोड चव तर त्याला कळतच नाही. पेढा चाटतं ते त्यातल्या स्निग्धासाठी. दूध पिल्लू मोठं होता होता पचेनासं होतं आणि मग 'पोट सतत पातळ' ही तक्रार घेऊन लोक येतात. दूध थांबवलं की निम्म्यांचं पोट आपोआप जुळतं.

मग शाकाहारी घराने काय करायचं? मांस शिजवायची सक्ती कोणी करत नाही. मांजरांसाठीचं तयार खाद्य आणा, पाकिटावर ते 'पूर्ण आणि संतुलित आहार' आहे असं लिहिलेलं बघा, आणि पिल्लांसाठीचं वेगळं येतं ते घ्या. वाटी, चमचा वेगळा ठेवा, देवघरापासून लांब कोपरा ठरवा, सासूबाईही राजी होतील. बऱ्याच सोवळ्या घरांत मी हे मार्गी लागलेलं पाहिलंय. ते मान्य नसेल तर मांजर पाळू नये, दुसरं चांगलं घर शोधावं. हे तोंडावर सांगायला मला संकोच वाटत नाही. कुत्र्याचं खाद्य चालत नाही, त्यात टॉरिनची हमी नसते.

तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. या वयात वजन सव्वा किलोच्या आसपास हवं आणि महिन्याला साधारण अर्धा किलो वाढायला हवं. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर डब्यासकट तोलून घ्या, डब्याचं वजन वजा करा. मोठं झाल्यावर साडेतीन किलोच्या मांजराला दिवसाला दोनशे कॅलरींच्या आसपास लागतात, म्हणजे कोरडं खाद्य पन्नास-पंचावन्न ग्रॅम. ते वाटीभर होत नाही, मूठभरच दिसतं, आणि म्हणूनच लोक दुप्पट वाढतात.

मांसाहारी वाचकांसाठी दोन शब्द. नुसतं उकडलेलं चिकन हा पूर्ण आहार नाही, त्यात कॅल्शियम नसतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. असं पिल्लू सोफ्यावरून उडी मारतं आणि मागचा पाय मोडून येतं. कलेजी आठवड्यातून एखादा लहान तुकडा, रोज नाही. सुकट, जवळा, सुका बोंबील खारट असतो, तो चव म्हणून ठीक. रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका, कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

पाण्याचं प्रकरण लोकांना किरकोळ वाटतं, तेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, पाणी शिकारीतून मिळवणारे. त्याला तहान कमी लागते आणि लघवी दाट होते. उंदरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, कोरड्या खाद्यात जेमतेम दहा टक्के. म्हणून दिवसातलं निदान एक जेवण ओलं द्या, पाकिटातलं ओलं खाद्य किंवा कोरड्यावर कोमट पाणी. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, रुंद आणि उथळ, स्टीलची किंवा चिनीमातीची, आणि खाण्याच्या वाटीपासून लांब.

बोका असेल तर हे आणखी गंभीर. बोक्याची मूत्रनलिका टोकाला अगदी बारीक होते. खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी बंद. दिसतं असं: बोका शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, एखादा थेंब पडतो किंवा तोही नाही, पुन्हा पाच मिनिटांनी जातो, मागची बाजू चाटत राहतो, हात लावला की ओरडतो. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल देऊ का? एरंडेल देऊ नका, सकाळची वाट बघू नका. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तात पोटॅशियम चढून हृदय बंद पडतं. त्याच रात्री नळी घालून लघवी काढली तर बोका बहुधा वाचतो. तुमच्या भागात रात्री कोणता पशुवैद्य फोन उचलतो ते आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. मुंबईकरांना परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय माहीत असायला हवं.

घरातली विषं. पहिला नंबर पॅरासिटामॉलचा. ताप वाटला म्हणून माणसाची पाव-अर्धी गोळी दिली जाते. ते औषध निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घ्यायला पुरते. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. यावर उतारा आहे, पण तो काही तासांत मिळायला हवा. मुळात मांजराचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं, १०० ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचंच तापमान. दुसरं, कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं परमेथ्रिन असलेलं औषध. त्याने मांजराला झटके येतात. तिसरं, फिनाईल. लादी पुसली, मांजर ओल्या लादीवरून चाललं आणि पंजे चाटले की पोटात गेलं. लादी साध्या पाण्याने पुन्हा पुसा आणि वाळेपर्यंत दार लावून ठेवा. कपाटातल्या डांबरगोळ्या त्याच यादीत. पुष्पगुच्छातली मोठ्या पाकळ्यांची लिली तर घरात आणूच नका, तिचा परागही मूत्रपिंड निकामी करतो.

आणि दोरा. गजऱ्याचा, शिवणाचा, पतंगाचा. मांजराची जीभ काट्याकाट्यांची आणि काटे घशाकडे वळलेले, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, आत आतच जातो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं आणि आतडं नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होऊन शेवटी कापलं जातं. उलट्या करणाऱ्या मांजराचं तोंड उघडून मी जीभ अंगठ्याने खालून वर उचलतो ती याचसाठी. तिथे रुतलेली बारीक रेघ दिसली तर क्ष-किरणाआधीच अर्धं निदान झालेलं असतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आहे तसा ठेवून दवाखाना गाठा.

लसींचं उत्तर सरळ आहे: लागतात. 'घराबाहेर जात नाही' हे कारण चालत नाही, कारण पार्किंगमधला विषाणू तुमच्या चपलेवर चढून चौथ्या मजल्यावर येतो. पॅनल्यूकोपेनिया या आजारात पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, पिल्लू उलट्या-जुलाबांनी दोन-तीन दिवसांत जातं, आणि विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. त्यासाठी आणि मांजरांच्या दोन सर्दीच्या विषाणूंसाठी एकत्र लस मिळते. ती सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यायची. तुमचं पिल्लू बारा आठवड्यांचं आहे म्हणजे आता पहिली, महिन्याने दुसरी, आणि रेबीजची याच काळात. नंतर रेबीज दरवर्षी, बाकीची डॉक्टर सांगतील तशी. लस देण्याआधी जंत आणि पिसवा. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे, आणि ते पिसवांतून येतात. नुसतं जंताचं औषध देऊन पिसवा ठेवल्या तर महिन्याभरात पुन्हा तेच. लहान पिल्लाचं रक्त पिसवा पिऊन संपवतात, हिरड्या पांढऱ्याफटक दिसतात, हे मी पावसाळ्यात सतत बघतो.

पिल्लू खेळता खेळता चावतं, ओरबाडतं. लस पूर्ण होईपर्यंत तरी चाव्याला हलकं घेऊ नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवा. रेबीजची लस तिथे मोफत असते. हळद, चुना, मिरची लावू नका. खेळताना हात वापरू नका, काठीला फडकं बांधा. हाताशी खेळायला शिकवलेलं पिल्लू मोठेपणी हातच चावतं आणि मग त्याला 'डूख धरणारं' म्हणतात.

जाऊबाईंचं. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची भीती खरी आहे, मांजर घराबाहेर काढण्याइतकी नाही. तो मांजराच्या विष्ठेतून पडतो, पण साधारण आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे. पडल्यावर संसर्ग होण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि तो जाऊबाईंनी करायचा नाही. कुंडीतली माती त्यांनी हातमोजे घालून हाताळावी, पालेभाजी नीट धुवावी. माणसांना हा संसर्ग अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होतो, मांजराला कुरवाळून नव्हे. मांजराला कच्चं मांस न देणं हा त्यातलाच भाग. बाकी त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर आहे हे सांगा, त्या हवी तर रक्ततपासणी करतील.

नसबंदी पाच महिन्यांच्या आत-बाहेर करून घ्या. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गाभणकाळ ६३ ते ६५ दिवसांचा, आणि आपल्याकडे ऊन भरपूर म्हणून हंगाम जवळजवळ वर्षभर. माज आला की ती लोळते, मागचा भाग वर करते, रात्रभर ओरडते. नवखे लोक 'पोटात दुखतंय' म्हणून घेऊन येतात. 'एकदा पिल्लं होऊ द्या, मग करू' या म्हणण्याला वैद्यकीय आधार नाही. उलट सहा महिन्यांआधी शस्त्रक्रिया झाली तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका नव्वद टक्क्यांनी घटतो, आणि मांजरींमधल्या त्या गाठी बहुतेक कर्करोगाच्याच असतात. बोक्याचं ऑपरेशन तर छोटंसं. न केल्यास तो दारं-पडदे फवारतो, तो वास फिनाईलने जात नाही. रस्त्यावरच्या एखाद्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर त्याची नसबंदी झालेली आहे, पुन्हा पकडू नका.

घराची मांडणी. ट्रे रुंद घ्या, एका मांजरालाही दोन असलेले बरे. बाजारातली विनासुगंधी माती, किंवा चाळलेली वाळू, किंवा लाकडाचा भुसा चालतो. सुगंधी माती माणसांसाठी असते. मांजर अचानक ट्रेबाहेर, पलंगावर करू लागलं तर रागावण्याआधी लघवी तपासा. नखं घासायला लाकडी स्टुलाच्या पायाला सुती दोरीऐवजी काथ्याची जाड दोरी घट्ट गुंडाळा, वर गोणपाट ठोका, आणि ते सोफ्याच्या शेजारीच ठेवा. गॅलरीला जाळी हवीच. मांजर चार पायांवर पडतं म्हणून त्याला काही होत नाही असं नाही: जबडा, टाळू आणि छाती फुटते. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी उन्हाने वर्षा-दोन वर्षांत कुजते आणि मांजर ती दाताने कुरतडतं, म्हणून पातळ तारेची किंवा स्टीलची बसवा. खिडकीच्या सरकत्या काचेलाही जाळी लागते, लोक नेमकी तीच विसरतात.

पहाटे चारला उठवून ओरडतं, ही तक्रार पुढे येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. मांजराचा शिकारीचा वेळ पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं काठी-फडक्यामागे दमेपर्यंत पळवा आणि लगेच दिवसाचं शेवटचं जेवण द्या. शिकार, जेवण, चाटणं, झोप हा त्याचा क्रम आहे. पहाटे ओरडल्यावर उठून खायला घालू नका, एकदा घातलंत की रोजचं झालं.

मांजर आजार लपवतं, ओरडून सांगत नाही. एक दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, पलंगाखाली जाऊन बसलं, शांत झोपेत छाती मिनिटाला तीसपेक्षा जास्त वेळा हलते आहे, तोंड उघडून श्वास घेतंय, यातलं काहीही दिसलं तर दाखवा. जाड मांजराने दोन-तीन दिवस उपास केला तर यकृतात चरबी साठून वेगळंच संकट उभं राहतं. आणि दवाखान्यात हातात धरून रिक्षाने आणू नका, हॉर्न वाजला की ते खांद्यावरून उडी मारतं आणि मग डोंबिवली स्टेशनबाहेर शोधत बसावं लागतं. वरून उघडणारी टोपली घ्या, आजपासूनच हॉलमध्ये उघडी ठेवा, आत जुनी साडी अंथरा, रोज एक-दोन दाणे आत टाका. लसीच्या दिवसापर्यंत पिल्लू आपणहून त्यात झोपायला लागेल.